उघडता येणारे सांधे

माझे आजोबा सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी सुतारकाम करायचे, तेव्हा मृग जवळ आला की अंगणात नांगर, कुळव आणि तिफणींची रांग लागायची. कुणाच्या गाडीचा आरा निखळलेला, कुणाचा फाळ ढिला. बाभळीच्या ओंडक्यावर वाकस चालायचा आणि शेजारी आजोबांची सागवानी पेटी उघडी असायची. वरच्या सरकत्या कप्प्यात पटाशा, गुण्या आणि रेघ आखायचा खतकस, खाली रंधे आणि भोकं पाडायचा सामता, झाकणाला आतून करवती अडकवलेल्या. गेरूचं सूत, धार लावायचा दगड, तेलाची चिंधी, सगळ्यांच्या जागा ठरलेल्या. खंडेनवमीला हत्यारं पाटावर मांडून हळदकुंकू वाहिलं की त्या दिवशी त्यांना कुणी हात लावायचा नाही.

कामाचे पैसे रोजच्या रोज मिळत नसत. सुगी झाली की खळ्यावरून धान्याचं बलुतं यायचं आणि त्या बदल्यात वर्षभराची दुरुस्ती सुताराच्या शिरावर असायची. मोडलेली वस्तू फिरून त्याच्याच दारात येणार, म्हणून मुळातच ती दुरुस्त करता येईल अशी घडवायची रीत होती. जातीने बांधलेली ती व्यवस्था मागे पडली हे चांगलंच झालं. पण ही रीत तिच्याबरोबर जायला नको होती.

ती किती खोल होती, हे मला पेटी माळ्यावरून उतरवल्यावर कळलं. तळाची आंब्याची फळी वाळवीने पोखरली होती, सागवान मात्र शाबूत होतं. एक कोपरा वेडावाकडा सरकलेला, बिजागऱ्या गंजलेल्या. त्या रॉकेलमध्ये भिजत घातल्या. कोपऱ्यांना दातांत दात गुंतवलेले डावटेलचे सांधे होते, खिळा एकही नाही, चिकटवायला फक्त सरस. कातडी-हाडांपासून केलेला हा सरस ऊब आणि ओल मिळाली की सुटतो. गरम पाण्यात पिळलेलं फडकं सांध्यावर बराच वेळ धरलं, लाकडी हातोडीने हलकेच ठोकलं आणि फळीचा टवकाही न उडता कोपरा मोकळा झाला. दातांच्या मुळाशी खतकसाची बारीक रेघ अजून दिसत होती. आजोबांची करवत तिच्यापुढे कुठेच गेली नव्हती.

तळाला जुन्या चौकटीतलं सागवान बसवलं. पाण्याच्या पातेल्यात डबा ठेवून सरस पातळ केला आणि सांधे पुन्हा जुळवले. बाहेरून पॉलिश पेपर फिरवून स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपड्याचे हात दिले. झाकणाची आतली बाजू तशीच ठेवली. तिथे तसूंच्या खुणा आहेत, चोवीस तसूंचा एक गज. मेट्रिक मापांचा कायदा १९५६ साली झाला, तरी आजोबांचा हात तसूतच चालायचा.

१९५९ साली फेव्हिकॉल बाजारात आला आणि हळूहळू सरस उकळण्याची कटकट गेली, त्याचा उग्र वासही गेला. ड्रिल मशीनने सामत्याची मेहनत वाचवली. सुताराच्या खांद्यांना मिळालेला हा आराम मोलाचा आहे. पण आज घरोघरी येणाऱ्या पार्टिकल बोर्डच्या कपाटाला पाणी लागलं की ते फुगतं. स्क्रूचं भोक एकदा ढिलं झालं की पुन्हा धड पकड घेत नाही. सांधा उघडायला गेलं तर बोर्डच तुटतो. मग चार-दोन वर्षांत कपाट भंगारात.

जुन्या पेट्यांवर काच बसवून त्यांचे टीपॉय करतात, ते देखणेही दिसतात. मला मात्र या पेटीचं काम सुरू ठेवायचं होतं. आता ती आमच्या बैठकीच्या खोलीत घरच्या दुरुस्तीची पेटी झाली आहे. पटाशांच्या कप्प्यात टेस्टर आणि पान्हे आहेत, रंध्यांच्या जागी सायकलच्या पंक्चरचं सामान आणि सुईदोऱ्याचा डबा. एक करवत झाकणालाच ठेवली आहे. मुलांचं खेळणं मोडलं की ती आधी पेटी उघडतात आणि शेजारचेही हक्काने पान्हा मागायला येतात.

तुमच्याकडे अशी पेटी असेल तर वाळवीच्या आधी तुम्ही तिच्यापर्यंत पोहोचा. तिला शोभेला बसवू नका, कामाला लावा. आणि पुढच्या वेळी कपाट करून घेताना सुताराला एवढं नक्की विचारा, "हे मोडलं तर उघडून दुरुस्त करता येईल ना?"