साहेब, झालं!

बी.कॉम. होऊन बँकेत चिकटल्याला मला २२ वर्षं झाली. या काळात केलंत काय, असं कुणी विचारलं तर खरं उत्तर एकच : इथले आकडे तिथे उतरवले. त्यामुळे परवा जेवताना आमची कन्या (ती कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला आहे, फी मीच भरतो, म्हणून एवढं नक्की ठाऊक) म्हणाली, "बाबा, ऑपरेटिंग सिस्टीमचा पुष्कळ वेळ नुसत्या नकला करण्यात जातो," तेव्हा माझा घास हातातच राहिला.

"नकला? कुणाच्या?" सौ.नी विचारलं.

प्रकार असा, की बाहेरून आलेला मजकूर आधी सिस्टीमच्या कप्प्यात पडतो. तिथून तो प्रोग्रॅमच्या कप्प्यात उतरवायचा. हे करतो कोण? तर खुद्द प्रोसेसर! म्हणजे मॅनेजरसाहेबांनी कर्जाचे अर्ज सोडून झेरॉक्सपाशी उभं राहायचं. म्हणून या कामाला वेगळा गडी ठेवायची युक्ती निघाली. १९८१ च्या आय.बी.एम. पीसीतही फ्लॉपी आणि मेमरी यांच्यात हमाली करायला ८२३७ नावाची चिप होतीच. २०२३ साली आलेल्या इंटेलच्या चौथ्या पिढीच्या झिऑनमध्ये तर मेमरीतून मेमरीत उतरवायला खास भाग बसवला. त्याच्या हाती चिठ्ठी द्यायची : कुठून, कुठे, किती. की साहेब मोकळे!

"मग मिटलं की!" मी म्हटलं.

"कुठलं मिटतंय? काम एवढंसं असेल तर चिठ्ठी लिहिण्यातच जास्त वेळ जातो. बरं, 'झालं का, झालं का' विचारत बसलं तर मोकळं कसलं? आणि तोच मधे येऊन 'साहेब, झालं' म्हणाला, की हातातलं काम तुटतं. म्हणून थोडं असलं तर प्रोसेसर स्वतःच उरकतो. गठ्ठा असला, तरच त्याच्याकडे."

मला आमचे शिपाईमामा आठवले. आधार कार्डाच्या दोन्ही बाजू एकाच कागदावर हव्यात, हे त्यांना पटवेपर्यंत गिऱ्हाईक जेवून येतं. मी मनसोक्त हसलो.

मग हसू थांबलं. गेले सहा महिने आमचे मॅनेजर मला म्हणताहेत, "राहू द्या हो, तुम्हाला सांगण्यापेक्षा मीच करतो." मी आजवर याला त्यांचा चांगुलपणा समजत होतो.

"थोडं म्हणजे किती गं?" मी हळूच विचारलं.

"ते मशीनवर असतं, बाबा. मोजून बघावं लागतं."

दुसऱ्या दिवशी दहाच्या आत मी केबिनच्या दाराशी उभा होतो; मोठ्यातला मोठा गठ्ठा मागायला.