जमिनीतली ऊब आणि माझा उथळ चर

गेल्या पौषात मोखाड्याच्या बाजूला एका पाड्यावर गेलो होतो. फ्रीज दुरुस्तीचे काम शिकून आलेला तिथला एक तरुण मला म्हणाला, "साहेब, परदेशात जमिनीत पाइप पुरून घर गरम ठेवतात म्हणे. आपल्या कोंबड्यांच्या शेडला तसं करू या का?" त्याची आई ओट्यावर नागली पाखडत होती. ती सूप थांबवून माझ्याकडे पाहून हसली. त्या हसण्याचा अर्थ मला ठाऊक होता. तसलाच एक प्रयोग मी तिच्याच परसात २०११ साली केला होता. पोरगा तेव्हा लहान होता, त्याला आठवत नसावे.

त्या वेळी आपला तालुका ठाणे जिल्ह्यात होता, पालघर जिल्हा पुढे २०१४ मध्ये झाला. ताईंनी एका दिवसाची गिरिराज जातीची शंभर पिल्ले आणली होती. आपल्याकडे जानेवारीत पहाटे हुडहुडी भरते, आणि पिलाला पहिल्या आठवड्यात सुमारे ३५ अंश सेल्सिअस ऊब लागते. पुढे दर आठवड्याला ती तीनेक अंशांनी कमी केली तरी चालते. बल्ब लावावेत, तर विजेचा भरवसा नाही.

मी अहमदाबादच्या एका प्रयोगाची माहिती वाचली होती. गिरजा शरण आणि जाधव या संशोधकांनी ५० मीटर लांबीचा, १० सेंटिमीटर व्यासाचा लोखंडी पाइप ३ मीटर खोल पुरला आणि त्यातून पंख्याने हवा खेळवली. तिथली माती त्या खोलीवर २७ अंशांच्या आसपास असते. त्यामुळे मे महिन्यातली तापलेली हवा जास्तीत जास्त १४ अंशांनी थंड होऊन बाहेर आली आणि जानेवारीतल्या रात्री गार हवा जवळजवळ तेवढीच उबदार झाली. कारण साधे आहे. वरची जमीन दिवसा तापते, रात्री निवते. खोल गेले की उन्हाळा-हिवाळ्याचा फरक कमी होत जातो. विहिरीचे पाणी थंडीत कोमट लागते ते यामुळेच.

वाचले आणि मी हुरळलो. परसात चर खणायला घेतला, तर तीन फुटांवर कातळ लागला. तिथेच थांबायला हवे होते. पण तेवढ्याच खोलीवर पाइप टाकला, तोही जेमतेम १५ मीटर, मध्ये वळवून दोन्ही पदर शेजारी-शेजारी. वर निघालेला मुरूम आणि दगडगोटे लोटून चर बुजवला.

पहिला तासभर हवा छान उबदार आली. ताईंनी पाइपाच्या तोंडाशी हात धरून पाहिला, मीही पाहिला आणि खुशीत घरी गेलो. पहाटे तीनच्या सुमारास वीज गेली, बल्ब विझले, पंखा थांबला. ताई म्हणाल्या, त्याआधीच हवा गार येऊ लागली होती. सकाळी एकतीस पिल्ले एकमेकांवर चढून मेलेली मिळाली. त्या वर्षीच्या वह्या-कपड्यांचा खर्च त्या पिल्लांवर धरलेला होता.

ताई रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "सायेब, कंद काढायला गेलो तर आमी आधी काठी खुपसून बघतो. मग खणतो."

मी पाइपाचे माप पाहिले होते, मातीचे पाहिले नव्हते. कोरड्या मुरुमात कणांच्या मध्ये हवा कोंडलेली असते आणि हवेतून उष्णता सहज पुढे सरकत नाही. पाइपाभोवतीची वीतभर माती आपली ऊब देऊन बसते आणि मागची ऊब तिच्यापर्यंत वेळेत पोचत नाही. ओलसर चिकणमातीत ती लवकर पोचते. आपल्या डोंगरात चार महिने धो-धो पाऊस पडतो खरा, पण उतारावरचा मुरूम पौषापर्यंत खडखडीत होतो. म्हणजे ऊब हवी असते नेमकी तेव्हाच जमीन हात आखडते!

त्या तरुणाने ऐकलेला हीट पंप म्हणजे उलटा फ्रीज. फ्रीज आतली उष्णता ओढून मागच्या जाळीतून बाहेर टाकतो. हा जमिनीतली ओढून घरात टाकतो. स्वीडन, जर्मनीसारख्या थंड देशांत अशी यंत्रे पुष्कळ आहेत. जमिनीत सव्वा ते दीड मीटर खोल पाइपांचे वेटोळे पसरतात आणि त्यातून न गोठणारे पाणी फिरवतात. जर्मनीतला हिशेब असा, की एक चौरस मीटर ओलसर चिकणमाती सुमारे २० ते ३० वॉट उष्णता देते आणि कोरडी रेताड जमीन १० वॉट. म्हणजे एका घरासाठी जमिनीतून ६ हजार वॉट काढायचे, तर चिकणमातीत अडीच गुंठे पुरतात आणि रेताडीत सहा गुंठे लागतात. त्या पाइपांवर शेड किंवा फरशी घालत नाहीत, कारण काढलेली ऊब ऊन-पावसानेच भरून यायची असते. पाइप दाटीने टाकले तर एकाच ताटात दोघे जेवायला बसल्यासारखे होते. माझ्या दोन पदरांचे तेच झाले होते.

हे सारे मी त्या पोराला सांगितले, २०११ च्या पिल्लांसकट. तो आईकडे पाहू लागला. मग म्हणाला, "खाचराच्या खालच्या बांधाशी गाळ आहे. तिथं खणून पाहू?"

तो पहार घेऊन गेला. पाच फूट काळसर गाळ लागला, सहाव्या फुटाला ओल. पावसाळ्यात तिथे पाणी साचते, म्हणून हवेचा पाइप टाकला तर सांधे पक्के हवेत आणि उतार असा हवा की आत जमलेले पाणी एका टोकाला येऊन उपसता येईल. चर बुजवायचा तो दगडांनी नव्हे, बारीक माती ओली करून, धुमसून.

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही थर्मामीटर घेऊन गेलो. बाहेर १२ अंश, खड्ड्याच्या तळाच्या मातीत खुपसल्यावर २४. पोरगा खूश. मी म्हटले, "एका दिवसाच्या पिलाला ३५ लागतात. वरचे अकरा अंश यंत्रानेच चढवावे लागतील, आणि यंत्राला वीज लागणारच."

ताई मागे उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "मग एका दिवसाची कशाला आणता? महिन्याची आणा."

महिन्याच्या पिलाला २६ पुरतात. पोराने खिशातून वही काढली आणि बांधाची लांबी पावलांनी मोजायला घेतली.