लाल चिखल, काळा चिखल

निपाणीच्या स्टँडवर बेळगावची गाडी लागली की आम्ही पोरं उतरणाऱ्या माणसांकडं बघायचोच नाही. आधी चाकं बघायची, मग चाकांवरचा पत्रा. मे महिना असायचा, घरात पंखा गरम हवा नुसती ढवळत असायचा आणि आजीनं आम्हाला एकच काम लावलेलं असायचं, "जावा, गाडी वली हाय का बघून या."

तेव्हाचा पुणे-बंगळूर रस्ता अरुंद. समोरून ट्रक आला की गाडीचं डावं चाक मातीत उतरायचंच. त्यामुळं वाटेत कुठं पाऊस झाला असेल तर त्याचा पुरावा पत्र्यावर उडून आलेला असायचा. चिखल लाल असला तर पाऊस वंटमुरी घाटाच्या वर, काकती-बेळगावकडं. म्हणजे आपल्याला अजून सवड आहे. काळा असला तर हत्तरगी-संकेश्वरच्या रानातला, म्हणजे ढग तवंदी घाटाच्या पलीकडंच उभा आहे. काळा चिखल म्हटलं की आजी पदर खोचून गच्चीवर.

हवामानाचा अंदाज सांगायला घरात रेडिओ होता, नव्हता असं नाही. पण आमचं ऊन कुणाच्याच हिशेबात बसत नसे. सकाळी सातला पुणे केंद्रावरच्या बातम्या लागायच्या. कोकण-गोवा, मध्य महाराष्ट्र, मराठवाडा, विदर्भ, झालं. १९५६ साली आम्ही म्हैसूर राज्यात गेलो ते पावसासकट गेलो. तिकडच्या कानडी बातमीत आमची गणती उत्तर अंतर्गत कर्नाटकात. म्हणजे गुलबर्गा, रायचूर, बिदर आणि आम्ही, सगळे एकाच टोपलीत! गुलबर्ग्याचा पारा बेचाळिसावर गेला की निपाणीच्या माणसानं घाबरायचं की कागलकडं बघून निवांत राहायचं, हे काही त्या बातमीतून कळत नसे. कागल आमच्यापासून हाकेच्या अंतरावर, आणि आमच्या गावचं देवचंद कॉलेज तर अर्जुननगरला, म्हणजे चक्क महाराष्ट्रात. शिकायला एका राज्यात जायचं आणि घाम दुसऱ्यात पुसायचा.

बेळगावचं बरं होतं. मामाचं घर शहापुरात. गाव अडीच हजार फुटांवर, त्यामुळं 'गरिबांचं महाबळेश्वर' असं ते लोक स्वतःलाच म्हणवून घ्यायचे. (आम्ही निपाणीकर त्यावर नाक मुरडायचो, पण सुट्टी लागली की पहिली गाडी तिकडचीच पकडायचो.) पठारावर उष्णतेची लाट म्हणायची तर हवामान खात्याला पारा निदान चाळीसवर लागतो, नेहमीपेक्षा साडेचार अंशांनी चढलेला लागतो. बेळगावात तेवढं क्वचितच व्हायचं. दिवसभर जमीन तापायची आणि संध्याकाळी चोर्ल्याच्या बाजूनं समुद्राचा वारा सह्याद्री चढून यायचा. मामाच्या परसात खानापूरचा माठ ठेवलेला असे. त्याच्या अंगावरचा ओलावा पाच वाजेपर्यंत सुकलेला असायचा आणि वारा सुटला की पुन्हा हाताला लागायचा. मामाचा हात त्या माठावर नाहीतर कपाळावर.

कपाळावर, कारण त्याची येळ्ळूरकडं भाताची जमीन होती. त्याला वळीव हवाही असायचा आणि नकोही. मशागतीपुरता एक दणका हवा, मग चार दिवस उघडीप हवी, म्हणजे माती भुसभुशीत होऊन कुरीनं धूळवाफ पेरणी साधते. रोहिणीत पेरलेलं भात मिरगाच्या पावसाची वाट बघत जमिनीत पडून राहायचं. वळवानं मुक्काम ठोकला की मामा ओट्यावर बसून आभाळाला कानडीत शिव्या द्यायचा. मराठी शिव्या माणसांसाठी राखून ठेवलेल्या.

आता त्या दिवसाचं सांगते.

संकेश्वरी मिरची गच्चीवर पसरलेली. वर्षाची चटणी कांडायची होती, देठं काढून झाली होती, आणखी दोन उन्हं दाखवायची होती. सकाळपासून पानसुद्धा हलत नव्हतं. शेजारच्या वखारीत तंबाखू चाळणाऱ्या बाया दारात येऊन बसल्या होत्या, नाकातोंडाला बांधलेली फडकी सोडून त्याच फडक्यांनी वारा घेत. आजीनं मला पिटाळलं. मी स्टँडवर गेले, फलाटाला लागलेल्या गाडीचा पत्रा बघितला. लालभडक! बोट लावून बघितलं, ओला. धावत घरी आले. "आजी, लाल हाय."

"मग आसू दे अजून तासभर," म्हणून आजी जरा लवंडली.

अर्ध्या तासात पूर्वेचं आभाळ जांभळं झालं. आधी वारा आला. त्या वाऱ्यानं वखारीच्या दारातला तंबाखूचा धुरळा उचलला, आमच्या गच्चीवरून मिरचीचं तिखट उचललं आणि दोन्हीची भेट गल्लीच्या मधोमध घालून दिली. सबंध गल्ली शिंकायला लागली. म्हातारी माणसं, वखारीतल्या बाया, समोरच्या घरातलं तान्हं मूल, दावणीची म्हैससुद्धा. कुणी "पाऊस आला" म्हणून ओरडत होतं, कुणी "मळी बंतु" म्हणत होतं, आणि दोन्ही वाक्यं शिंकेत निम्म्यावर तुटत होती. पहिले थेंब रुपयाएवढे. मग कौलांवर गारा वाजल्या. आई, काकू, मी, सगळ्यांनी मिळून मिरची पोत्यांत कोंबली, पण निम्मी तरी भिजलीच. गारा मात्र आम्ही वाटीभर वेचल्या. डोळ्यांतून पाणी वाहतंय, नाक गळतंय आणि तोंडात गारा.

पाऊस थांबल्यावर माझी तपासणी झाली.

"कुठली गाडी बघितलीस?"

पाटी वाचायची राहिली होती. ती गाडी राधानगरीहून आली होती. तिकडची मातीही लालच की! तिच्या मागं लागलेल्या बेळगावच्या गाडीला काळा चिखल होता, हे चुलतभावानं नंतर हसत हसत सांगितलं.

एका वर्षी मात्र हे चाकं बघणंही बंद पडलं होतं. १९८१ च्या मार्च-एप्रिलात शरद जोशींबरोबर तंबाखूचे शेतकरी त्याच हमरस्त्यावर उन्हात ठाण मांडून बसले. तीन आठवड्यांहून जास्त. सहा एप्रिलला गोळीबार झाला, बारा माणसं गेली. त्या उन्हाळ्यात आजीनं आम्हाला स्टँडकडं पाठवलं नाही, आणि आम्हीही विचारलं नाही.

त्या गारांत भिजलेली मिरची पुन्हा वाळवली, पण तिचा रंग उतरला तो उतरलाच. त्या वर्षीची चटणी काळपट झाली. भाऊबीजेला मामा बेळगावहून कुंद्याचा डबा घेऊन आला. जेवताना भाकरीवरची चटणी बोटानं चाखून त्यानं आईकडं बघितलं.

"हे काय गं आक्का, यंदा मिरची बदललास की काय?"

आई काही बोलायच्या आत आजीनं माझ्याकडं मान वळवली. "न्हाई रे बाबा. ही राधानगरीची हाय."