सांधा

वयाची साठी उलटल्यावर माणसानें उपदेश करण्याचा व्यवसाय सोडून द्यावा, असें मीं स्वतःस अनेकदां बजावलें आहे. परंतु आयुष्यभर मास्तरकी केलेल्या माणसाच्या जिभेचें वळण सहजासहजीं सुटत नाहीं. आणि आप्तजनहि तें सुटूं देत नाहींत. गेल्या पौषांत आम्ही उभयतां चिरंजीवांकडे अमेरिकेंत, अ‍ॅरिझोना राज्यांतील फीनिक्स शहरीं गेलों, तेव्हां विमानतळावरून घर गांठण्यापूर्वींच मजवर अशी एक कामगिरी येऊन पडली. "नाना, तुम्हीच त्याला चार शब्द सांगा. तुमचें तो ऐकेल," असें चिरंजीव मोटार हांकतां हांकतां म्हणाले.

'तो' म्हणजे आमचा नातू. वय वर्षें अठरा. शाळा संपत आलेली. त्यानें विद्यापीठांत जाऊन संगणकशास्त्र शिकावें ही बापाची इच्छा. आणि दोन वर्षांच्या वेल्डिंगच्या अभ्यासक्रमास जावें हा मुलाचा हट्ट. बापलेकांचें बोलणें दोन महिन्यांपासून मीठ-लोणचें मागण्यापुरतें उरलें होतें. सूनबाई बिचारी दोघांच्या मध्यें उभी राहून थकली होती.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं स्नानसंध्या आटोपून, उपदेशाचीं वाक्यें मनाशीं जुळवीत मी गॅरेजमध्यें गेलों. तेथें जें दिसलें त्यानें तीं वाक्यें जागच्या जागीं विरलीं. मधोमध एक जुनी पिकअप मोटार लोखंडी घोड्यांवर चढविली होती. अशा मोटारीस पुढें बसण्याची खोली व मागें सामानाचा उघडा हौदा असतो. हिचा हौदा भिंतीशीं टेकून उभा होता, आणि बसण्याच्या खोलीमागील सगळी चासी करवतीनें कापून काढलेली होती. मागचीं दोन चाकें आपल्या आंसासह जमिनीवर वेगळीं पडलीं होतीं.

"अरे, ही मोडली कशानें?" मीं विचारलें.

"मोडली नाहीं, आजोबा. मींच कापली."

विद्यार्थ्यास शिक्षा करण्यापूर्वीं त्याचें म्हणणें ऐकून घ्यावें, हा माझा जुना नियम. मी एका उपड्या डब्यावर बसलों आणि त्यानें मला सारें समजावून सांगितलें. त्याचें मराठी अडखळत चालणारें, तरी विषय मनांतला असल्यामुळें कोठेंहि अडलें नाहीं.

त्या प्रांताच्या भोंवतीं मैलोन्‌मैल वाळवंट आहे. ओढ्यांचे कोरडे पाट, दगडगोटे आणि वाळूच्या लाटा यांवरून वेगानें मोटार नेणें हा तिकडे एक मोठा छंद आहे. मेक्सिको देशाच्या बाहा कॅलिफोर्निया द्वीपकल्पांत १९६७ सालीं तिहुआना ते ला पाझ अशी पहिली मोठी शर्यत झाली. तीच पुढें 'बाहा १०००' या नांवानें प्रसिद्धीस आली. पहिल्या वर्षीं जिंकलेल्या हलक्या बग्गीस तें अंतर कापण्यास २७ तासांहून अधिक वेळ लागला होता, यावरून वाटेची कल्पना यावी. साध्या पिकअप मोटारीचे पाटे ओझें वाहण्यासाठीं केलेले असतात. चाक खड्ड्यांत उतरलें किंवा उंचवट्यावर चढलें कीं त्याला वरखालीं होण्यास थोडीच जागा मिळते. वेग असला तर आंस उसळून चासीवर आदळतो. म्हणून चाकाला मोकळीक द्यावयाची तर आंसावरची चासी कमानीसारखी उंच हवी, आणि धक्का गिळणारे शॉक-अ‍ॅब्सॉर्बर हातभर लांब हवेत. ते एवढे लांब झाले कीं त्यांचीं वरचीं टोकें हौद्याचा तळ भेदून वर येतात. तीं टोकें धरावयाचीं कशाला? त्यासाठीं हौद्यांत नळ्यांचा पिंजरा उभारावयाचा आणि तो खालच्या नव्या चासीशीं एकजीव करावयाचा. मोटार हवेंतून खालीं आली म्हणजे तिचा सारा आघात त्या पिंजऱ्यांतून वाटला जातो.

आमच्या मंडळींनीं तो सांगाडा पाहून "हा पिंजरा वाघासाठीं कीं काय?" असें विचारलें, तेव्हां नातू खदखदून हंसला. त्या घरांत कित्येक दिवसांत ऐकूं आलेलें तें पहिलें हंसणें, असें सूनबाई मागाहून म्हणाली.

त्या दिवशीं उपदेश राहिला. दुसऱ्या दिवशींहि राहिला. कारण त्यानें माझ्या हातीं फितीचें एक टोक दिलें. आंस बसविण्यापूर्वीं तो चौरस आहे कीं नाहीं तें पाहावयाचें होतें. त्यानें चासीवरील खुणांपासून ओळंबा सोडून जमिनीवर बिंदु काढले होते. डाव्या-उजव्या बाजू तर बरोबर जुळल्या. मीं म्हटलें, "कर्ण मोज." शुल्बसूत्रांत वेदी आंखतांना कर्णाच्या दोरीस 'अक्ष्णयारज्जु' म्हणतात, आयताचे दोन्ही कर्ण सारखे भरले तरच त्याचे कोन काटकोन असतात, हें मीं त्यास सांगितलें. मोजतां पाव इंचाचा फरक निघाला. एवढ्या फरकानेंहि मोटार खेंकड्यासारखी तिरकी चालली असती. तो आंस पुनः सारखा करण्यांत आमची सबंध दुपार गेली, आणि आयुष्यांत प्रथमच माझ्या धोतरास ग्रीसचा डाग लागला.

त्यानंतर मी रोज तेथें जाऊं लागलों. नळ्या पावणेदोन इंच व्यासाच्या, सुमारें तीन मिलिमीटर जाड पत्र्याच्या. वजन मीटरला तीन किलोच्या थोडें वर. क्रोमियम व मॉलिब्डेनम मिसळलेलें पोलाद अधिक बळकट, पण महाग आणि हाताळण्यास नाजूक. म्हणून त्यानें कमी कर्बाचें साधें पोलाद घेतलें होतें. एक नळी दुसरीस जेथें भिडते तेथें तिचें टोक माशाच्या उघड्या तोंडासारखें कापावें लागतें, म्हणजे तें दुसरीच्या गोलाईवर फट न ठेवतां बसतें. नळ्यांची मांडणी पाहून मला आमच्या गांवच्या घराची कैची आठवली. तीन बाजूंची लांबी ठरली कीं त्रिकोणाचे कोन हलूं शकत नाहींत. चौकोनाच्या मात्र चारी बाजू तशाच राहूनहि तो कलंडतो. कौलारू छप्पर उभें राहतें तें याच न्यायानें, आणि तो पिंजराहि त्याच न्यायानें उभा राहत होता. इतकीं वर्षें हा सिद्धांत मीं फळ्यावर लिहिला. त्याच्यावर कोणाचा जीव अवलंबून असलेला मात्र तेथेंच पाहिला.

जोडकाम तर मला सर्वांत नवलाचें वाटलें. प्रथम धातु घांसून त्यावरचा गंज, तेल, ओलावा काढावयाचा. मग चार ठिकाणीं नुसते टाके द्यावयाचे, पुनः मोजावयाचें, आणि नंतरच सांधा पुरा करावयाचा. तोहि एका दमांत नव्हे. एका बाजूस थोडें, मग समोरच्या बाजूस थोडें, असें करावें लागतें. कारण वितळलेला धातु निवतांना आकसतो आणि सबंध सांगाड्यास आपल्याकडे ओढतो. वितळलेल्या रसास हवेचा स्पर्श होऊं नये म्हणून आर्गॉन व कार्बन डायऑक्साइड यांचें मिश्रण त्यावर सोडलेलें असतें. एकदां त्यानें दोन तुकडे मुद्दाम जोडून मधोमध कापून दाखविले. एका सांध्यावरची रेघ मोठी देखणी होती, परंतु आंत दोन्ही तुकडे वेगळे ते वेगळेच. वरून नुसतें लिंपण झालेलें. दुसऱ्यांत कोणतें लोखंड कोणाचें तें ओळखूं येईना.

मीं त्यास म्हटलें, "आमच्या व्याकरणांत ह्यालाच संधि म्हणतात. देव आणि आलय मिळून देवालय झालें कीं मधला आकार कोणाचा तें सांगतां येत नाहीं. शब्द नुसते शेजारीं ठेवले म्हणजे संधि होत नाहीं." त्यानें तो शब्द दोनतीनदां म्हणून पाहिला आणि खडूनें भिंतीवर इंग्रजी लिपींत लिहून ठेविला.

आतां जें सांगावयाचें आहे तें या वयांत सांगणेंहि जड जातें. मला एक धाकटा भाऊ होता. चौदा वर्षांचा असतांना तो शाळा सुटली कीं लोहारआळींत जाऊन बसे. आमच्या कोठाराच्या कुलपाची किल्ली हरवली तेव्हां त्यानें एका जुन्या कानशीनें नवी किल्ली घांसून केली. ती आजहि चालते. त्याला तंत्रशाळेंत जावयाचें होतें. वडील तयार झाले असते असें मला आतां वाटतें. परंतु मी थोरला, शिकलेला, संस्कृताचा अभिमानी. "आपल्या घराण्यांत आजवर कोणीं भाता ओढलेला नाहीं," हें वाक्य माझें. तो कांहीं बोलला नाहीं. पुढें एका कचेरींत कारकून झाला आणि तेथेंच निवृत्त झाला. रविवारीं आळींतल्या लोकांचे स्टोव्ह, पंखे, शिवणयंत्रें फुकट दुरुस्त करून देई. तेवढ्या वेळांत त्याच्या चेहऱ्यावर समाधान दिसे. चार वर्षांपूर्वीं तो गेला. शेवटच्या दुखण्यांत मी उशाशीं बसलों असतां खाट कुरकुरली, तर डोळे मिटल्यामिटल्याच म्हणाला, "दादा, डाव्या पायाचा बोल्ट सैल आहे." पाहतों तों खरेंच तसें होतें. मीं त्याची क्षमा मागावयास हवी होती. मागितली नाहीं.

आमच्या मुक्कामाच्या अखेरच्या आठवड्यांत काम पुरें झालें. शनिवारीं मित्रांबरोबर मोटार वाळवंटांत न्यावयाची असें ठरलें होतें. गुरुवारीं रात्रीं जेवण झाल्यावर मी गॅरेजमध्यें डोकावलों तर नातू दिवा घेऊन मोटारीखालीं आडवा झालेला. शॉक-अ‍ॅब्सॉर्बर जेथें वर अडकतो तेथला एक सांधा त्यानें घाईंत, अवघडलेल्या हातानें केला होता. वरून तो इतरांसारखाच दिसे. "पण आजोबा, हा माझ्या मनास पटत नाहीं." तेवढ्यांत चिरंजीव दारांत येऊन उभे राहिले होते. मीं विचारलें, "कोणाला कळणार आहे?" परीक्षकाच्या जुन्या खोडीनेंच विचारलें. तो म्हणाला, "मोटार हवेंतून खालीं येईल तेव्हां लोखंडाला कळेल."

आणि त्यानें तो सांधा कापून काढला. शनिवारची सहल बुडाली. ठिणग्या उडत असतां मीं मागें वळून पाहिलें. चिरंजीव अजून दारांतच होते.

त्या रात्रीं आम्ही दोघे अंगणांत बसलों. मीं त्यांस त्यांच्या काकाची सगळी हकीकत सांगितली. माझें तें वाक्यहि सांगितलें. तें त्यांस ठाऊक नव्हतें. मग म्हटलें, "तूं मला त्याची समजूत घालावयास सांगितलेंस. मला तें जमणार नाहीं. त्यानें काय शिकावें हें तुम्ही दोघे ठरवा. परंतु 'हें आपलें काम नव्हे' एवढें मात्र त्यास कोणीं सांगूं नये. एकदां सांगून पाहिलें आहे." चिरंजीव बराच वेळ गप्प होते. "काकांनीं मला लहानपणीं पत्र्याची आगगाडी करून दिली होती," एवढेंच ते म्हणाले, आणि आंत गेले. दुसऱ्या दिवशीं सायंकाळीं मी गॅरेजमध्यें गेलों तों माझ्या डब्यावर तेच बसले होते आणि नातवास दिवा धरून देत होते.

पुढच्या रविवारीं आम्ही सारे वाळवंटांत गेलों. मोटार उंचवट्यावरून सुटली, चारी चाकें क्षणभर अधांतरीं राहिलीं, आणि माझ्या तोंडून रामनाम निघालें. मागचीं चाकें वाळूंत टेकलीं, हौद्याकडे वर सरकलीं, आणि मोटार स्थिर चालीनें पुढें गेली. थांबल्यावर नातू उतरला तो आमच्याकडे न येतां प्रथम मोटारीखालीं शिरला. सगळे सांधे पाहून मगच तो हंसत बाहेर आला.

हें वाचून कोणी तरुणानें आपल्या दारची मोटार कापावयास घेऊं नये, एवढी सूचना करणें मला प्राप्त आहे. आपल्याकडे मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या कलम ५२ अन्वयें मोटारीच्या मूळ रचनेंत असा फेरफार करण्यास मनाई आहे. मुलाच्या हाताला कशाची ओढ आहे हें पाहण्यास मात्र कोणताहि कायदा आड येत नाहीं.

नातू दोन वर्षांच्या त्या अभ्यासक्रमास जाऊं लागला आहे. पुढें यंत्रशास्त्राची पदवी घ्यावी कीं नाहीं हें त्यानंतर पाहावें, असें बापलेकांनीं आपसांत ठरविलें. परत आल्यावर मीं माळ्यावरची पेटी काढली. भावाची ती कानस एका फडक्यांत गुंडाळलेली सांपडली. मूठ झिजलेली, पण दांते अजून चांगले आहेत. गंज काढून, तेल लावून परवां ती मीं टपालानें नातवाकडे धाडली. सोबतच्या पत्रांत ती कोणाची होती हें लिहिलें आहे, आणि ती त्याच्या हातून कां सुटली हेंहि लिहिलें आहे.