साडेअकरा पौंडांचा वारसा

विद्यालयाच्या स्मरणिकेसाठी लेख मागणारे पत्र आले, तेव्हा त्यात एक विनंती होती : परदेशी उच्च शिक्षणाच्या शिष्यवृत्त्यांविषयी मुलांना आणि पालकांना उपयोगी पडेल असे काही लिहावे. योजनांची नावे आज कोणालाही सहज सापडतात. त्या नावांच्या मागे जे उभे असते आणि माहितीपत्रकात छापले जात नाही, ते येथे मांडावे असे मला वाटले.

परदेशी शिक्षणाचा विषय निघाला की आपल्या घरांत पहिले नाव बाबासाहेबांचे घेतले जाते. परंतु त्या शिक्षणाचा हिशेब आपण मुलांना क्वचितच सांगतो. 1913 साली सयाजीराव गायकवाडांनी त्यांना दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली, ती तीन वर्षांसाठी. शिक्षण संपल्यावर दहा वर्षे बडोदा संस्थानाची नोकरी करावी, अशी अट होती. 1915 मध्ये कोलंबिया विद्यापीठाची एम.ए. झाली, 1916 मध्ये ते लंडनला गेले आणि 1917 मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने अभ्यास अर्ध्यावर सोडून त्यांना परतावे लागले. ज्या बोटीने त्यांचे ग्रंथ येत होते, ती महायुद्धात टॉर्पेडोने बुडाली. पुढे सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी करून साठवलेले पैसे, छत्रपती शाहू महाराजांचे साहाय्य आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेले कर्ज यांच्या बळावर 1920 मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. 1923 मध्ये डी.एस्सी. मिळाली आणि कोलंबियाची पीएच.डी. 1927 मध्ये. पहिल्या प्रवासापासून मोजले तर चौदा वर्षे झाली. शिष्यवृत्ती विद्यार्थ्याला बोटीत बसवते. पैलतीर गाठण्यासाठी तिची मुदत, तिच्या अटी आणि पाठीशी उभी राहणारी माणसे यांचाही विचार करावा लागतो, हे मला या हिशेबातून उमगले.

माझे गाव यवतमाळ जिल्ह्यातले. आमच्या वस्तीतील हातपंपाचे पाणी पिऊन वाढलेल्या मुलांच्या दातांवर तपकिरी डाग असत. ते आम्हांला आमच्या अस्वच्छतेचे चिन्ह वाटे, कारण लोक तसेच म्हणत. आपल्या विद्यालयात आठवीला असताना विज्ञानाच्या सरांनी सांगितले, की पाण्यात फ्लोराइड लिटरमागे दीड मिलिग्रॅमहून अधिक असले तर वाढत्या वयात दातांवर असे डाग पडतात. हा दोष खडकाचा आहे, मुलांचा नाही. मानेवरचे ओझे उतरल्यासारखे वाटले. त्या रात्री वंदनेनंतर वसतिगृहाच्या ओट्यावर आम्ही तिघी-चौघी कितीतरी वेळ एकमेकींचे दात पाहत बसलो होतो. भूशास्त्राकडे मी वळले ती या एका वाक्यामुळे.

एम.एस्सी. झाल्यावर इंग्लंडमधील एका विद्यापीठात वर्षभराच्या अभ्यासक्रमाला मला प्रवेश मिळाला. शासकीय शिष्यवृत्तीसाठीही अर्ज केला होता. विद्यापीठाला जूनअखेर अनामत रक्कम हवी होती आणि निवडयादी तोवर लागलेली नव्हती. बाबा कोणालाही न सांगता आमची दोन एकर कोरडवाहू जमीन गहाण टाकण्याची बोलणी करून आले. आईला ते कळले. त्या रात्री घरात कोणी मोठ्याने बोलले नाही, पण कोणी झोपलेही नाही. सकाळी मी विद्यापीठाला नकार कळवला. जमीन गेली असती तर धाकट्या भावाची शाळा तिच्याबरोबर गेली असती. बाबा पुढे कित्येक दिवस माझ्याशी नजर मिळवत नव्हते. आपण मुलीला कमी पडलो, असे त्यांना वाटत होते.

त्यानंतर माझ्या मार्गदर्शक मॅडमनी मला जी गोष्ट सांगितली, ती या लेखातून प्रत्येक पालकापर्यंत पोहोचावी अशी माझी इच्छा आहे. परदेशातील एम.ए., एम.एस्सी.साठी बहुधा पैसे भरावे लागतात, पीएच.डी.साठी अनेक ठिकाणी उलट विद्यार्थ्यालाच पैसे मिळतात. जर्मनीत संशोधकाची जागा नोकरीसारखी जाहीर होते. करार होतो, दरमहा वेतन मिळते. अमेरिकेतील अनेक विद्यापीठे पीएच.डी.च्या विद्यार्थ्याचे शुल्क माफ करतात आणि अध्यापनात किंवा प्रयोगशाळेत साहाय्य करण्याच्या बदल्यात निर्वाहवेतन देतात; त्यांचे अर्ज साधारणतः आदल्या डिसेंबरात भरायचे असतात. भारतातच पीएच.डी.साठी नोंदणी केलेल्यांना फुलब्राइट-नेहरू योजनेतून काही महिने अमेरिकेत संशोधन करता येते. ‘पीएच.डी. म्हणजे सर्वांत मोठी, म्हणून सर्वांत महाग’ ही आपल्या घरांतली समजूत कित्येक मुलांना उंबरठ्यावरच थांबवते.

मी अकरा जाहिरातींना अर्ज केले. आठ ठिकाणांहून नकार आला, दोन ठिकाणांहून काहीच आले नाही, आणि एका ठिकाणी भूजलातील फ्लोराइडवर काम करणारी माणसे भेटली. मुलाखतीत त्यांनी विचारले, हाच विषय का? मी हातपंपाविषयी सांगितले. पुढचा अर्धा तास प्रश्न फक्त आमच्या गावाच्या खडकाविषयी होते. व्हिसासाठी बँकेत मोठी रक्कम अडकवून ठेवावी लागली नाही, कारण नोकरीचा करार हाच खर्चाचा पुरावा ठरला. जमीन आजही बाबांच्या नावावर आहे.

याचा अर्थ शासकीय योजनांची गरज संपली असा मुळीच नाही. केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती 1950च्या दशकापासून चालत आली आहे. राज्यात अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची योजना आहे. जातीचा दाखला, वैधता प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला ही कागदपत्रे पदवीच्या शेवटच्या वर्षाआधीच हाताशी असावीत, आणि नियम दरवर्षीच्या जाहिरातीतूनच वाचावेत, मागच्या वर्षीच्या मित्राच्या सांगण्यावरून नव्हे. या योजनांवर आपले लक्षही हवे. 2022 मध्ये केंद्राच्या योजनेतून भारतीय संस्कृती, इतिहास आणि भारतविषयक सामाजिक अध्ययन हे विषय वगळण्यात आले. 9 मे 1916 रोजी कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेबांनी वाचलेला निबंध भारतातील जातींविषयी होता. तो विषय घेऊन आज एखादी मुलगी अर्ज करू लागली, तर तिला या नियमाचे दार आडवे येईल. माझ्या खडकाला दार उघडे आणि तिच्या प्रश्नाला बंद, हे मला पटत नाही. त्याविरुद्ध बोलणे हे आपल्यासारख्या लाभार्थ्यांचेच काम आहे.

जर्मन भाषेत पीएच.डी.च्या मार्गदर्शकाला ‘डॉक्टरफाटर’, म्हणजे डॉक्टरकीचा पिता, म्हणण्याची प्रथा आहे. तो शब्द ऐकला तेव्हा मला गहाणखताची बोलणी करून आलेले बाबा, नकाराची पत्रे सोबत बसून वाचणाऱ्या मॅडम आणि आठवीच्या वर्गातले सर आठवले. ज्यांच्या घरात कोणी महाविद्यालय पाहिलेले नाही, अशा मुलाला इतकी माणसे लागतात.

म्हणून माजी विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे. आपल्यापैकी जे प्राध्यापक, अभियंते, अधिकारी झाले आहेत, त्यांनी दरवर्षी किमान एका विद्यार्थ्याचा अर्ज सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचून द्यावा. अनामत रकमेची तारीख आणि निवडयादीची तारीख यांमधल्या काही आठवड्यांसाठी बिनव्याजी उसनवार देणारा निधी विद्यालयाने उभारावा. पहिली रक्कम मी या पत्रासोबत पाठवत आहे. आणि विद्यार्थिमित्रांनो, विषय शोधायला फार दूर जाऊ नका. ज्या गोष्टीची तुम्हांला लाज वाटायला लावली गेली, ती एकदा नीट तपासून पाहा. तिच्यात संशोधनाचा प्रश्न असू शकतो.

जय भीम. नमो बुद्धाय.