विस्तवावर सोपवलेलं काम

आमच्या वऱ्हाडात रोडगे करणं हे गडीमाणसाचं काम. घरात चुलीपाशी कधी न फिरकणारा माणूसही वावरात किंवा नवस फेडताना देवाच्या ठिकाणी गोवऱ्या रचून बसतो. कणीक भिजवण्यापासून राख झटकण्यापर्यंत सगळं तोच करतो. म्हणून मी अंगणात रोडगे भाजू लागलो याचं गावात कोणाला नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. ज्याला पाण्याची बादली उचलवत नाही, तो दहा माणसांचे रोडगे कसा करतो?

२००६ साली महाराष्ट्रात चिकनगुनियाची साथ आली. आमच्या गावात घरटी एक तरी खाट धरून होता. हा शब्द आफ्रिकेतल्या माकोंडे लोकांच्या भाषेतला. दुखण्यानं माणूस वाकून जातो, असा त्याचा अर्थ. दिवसा चावणारा डास हा रोग आणतो, आणि तो डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यात होतो. आमच्याकडं नळ रोज येत नाही, त्यामुळं घरोघरी टाकी भरलेली. माझा ताप पाच दिवसांत उतरला. सांधे दोन वर्षांनी मोकळे झाले. थकवा मात्र गेला नाही तो नाहीच.

या थकव्याला थकवा म्हणणंही बरोबर नाही. दिवसभर डवरणी करून आलेला थकवा झोपेनं जातो, त्यात एक समाधानही असतं. हा थकवा झोपून उठलं तरी तसाच. आणि याची खोड अशी, की आज थोडं जास्त काम केलं तर आज काही होत नाही. उद्या-परवा होतं. मग दोन-तीन दिवस खाटेवरून उठवत नाही, उजेड सहन होत नाही, बोलताना शब्द सापडत नाही. रक्त तपासलं, सगळं बरोबर आलं. लोक म्हणायचे, "भाऊ, तब्येत तं चांगली दिसून राह्यली, वावरात येत जा, अंग मोकळं होईल." दिसणारी तब्येत आणि आतली तब्येत यांत फरक असतो, हे सांगून पटत नाही. एका डॉक्टरनं मात्र नीट ऐकून घेतलं. म्हणाले, साथीच्या तापानंतर काहींना असं राहतं, तपासणीत सापडत नाही, पण खोटं नाही. व्यायाम वाढवत नेणं हा यावरचा उपाय समजत. इंग्लंडच्या सरकारी मार्गदर्शनातून तो सल्ला २०२१ साली काढून टाकला, हे मला पुतणीनं सांगितलं. ती नर्स आहे.

मी हिशोब लावला तो आमच्या विहिरीवरून. मे महिन्यात झरा बारीक होतो. तासभर मोटर चालवायची, मग थांबायचं, पाणी चढू द्यायचं. तळ दिसेपर्यंत उपसलं तर गाळ येतो आणि मोटरही जळते. अंगातलं पाणीही तसंच उपसायचं.

वावर बटईनं दिलं, बैल विकले. घरात बसून खाणारा झालो. दुखण्यापेक्षा ते जड गेलं. लोकांना जेवू घालणारा माणूस मी.

रोडग्यांनी यातून वाट काढून दिली. कारण भाजण्याचं काम माणूस करतच नाही, विस्तव करतो. पोळीपाशी उभं राहावं लागतं, भाजी ढवळावी लागते. रोडगा निखाऱ्यात ठेवला की त्याचं तो पाहतो.

आदल्या दिवशी गोवऱ्या काढून ठेवतो, बस्स. दुसऱ्या दिवशी सकाळी रवाळ दळलेल्या कणकेत तेलाचं मोहन, ओवा, मीठ घालून बसल्या बसल्या घट्ट भिजवतो. वर ओलं फडकं टाकतो आणि आडवा होतो. तासाभरानं लहान लहान पाऱ्या लाटायच्या, तेल लावून एकीवर एक ठेवायच्या, वरून मोठ्या पारीत गुंडाळून गोळा बांधायचा. परत आडवा. नातू गोवऱ्या पेटवतो. जाळ बसून निखारे झाले की रोडगे ठेवतो, एकदा फिरवतो, वरून गरम राख ओढतो. घरची म्हणते, "पडा आता तुम्ही, मी हाये न इथं." मी खाटेवर डोळे मिटून असतो. ओव्याचा आणि भाजक्या गव्हाचा वास आला की कळतं, झालं. वांगे त्याच विस्तवात आधीच भाजून निघालेले असतात.

दिवाळीत याच हिशोबानं नानकटाई करतो. जाड पातेल्यात वाळू तापवायची, आत तिवई, तिवईवर ताटली, वर झाकण. मंद आचेवर ती आपली फुलत राहते. नातवाला तिच्या भेगा मोजायला आवडतं.

महिन्यातून एकदा बटईवाल्याला त्याच्या लेकरांसकट जेवायला बोलावतो. राख फडक्यानं झटकायची, रोडगा फोडायचा, पदर सुटले की वरून तूप. मागच्या खेपेस तो म्हणाला, "भाऊ, तुमच्या हातचा रोडगा लय खुसखुशीत हाये." त्या दिवशी मी वावरातून आलेल्या माणसासारखा जेवलो.

त्यानंतरचे दोन दिवस खाटेवर जातात. ते मी आधीच धरलेले असतात. त्या दिवसांत कोणाला बोलवत नाही, काही ठरवत नाही. विहिरीत पाणी चढू देतो.