तडा लपवू नये



मी तुमच्या शाळेच्या पाठीमागचा सुतार. तुम्ही मला आजोबाच म्हणता, म्हणून तुमच्या भित्तिपत्रकात चार शब्द लिहायला मला संकोच वाटत नाही. पन्नास वर्षे झाली, रंधा आणि वाकस हातात आहेत. कुऱ्हाडीचे दांडे, टिकावाचे दांडे, दारे, खिडक्या, पाळणे, सगळे करून झाले. आता दांडे बाजारात तयार मिळतात. पण अलीकडे माझ्या पडवीत एक नवीच वस्तू दुरुस्तीला येऊ लागली आहे. ती म्हणजे तुमचे बाण.

आपल्या सातारा जिल्ह्याला धनुर्विद्येचे वेड लागले, त्याला कारणही तसेच घडले. फलटण तालुक्यातील सरडे गावचा प्रवीण जाधव जिल्हा परिषदेच्याच शाळेत शिकला. त्याचे आईवडील मजुरी करायचे. तो २०२१ साली टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये भारताकडून खेळला. पुढे ५ ऑगस्ट २०२३ रोजी जर्मनीतील बर्लिन शहरात आपल्या जिल्ह्याची अदिती स्वामी वयाच्या सतराव्या वर्षी जगज्जेती झाली. त्याच दिवशी, साताऱ्यात राहून सराव केलेला नागपूरचा ओजस देवतळे पुरुषांमध्ये जगज्जेता झाला. गुरुजींनी ही बातमी फळ्यावर लिहिली आणि तेव्हापासून शाळा सुटल्यावर आपल्या मैदानावर दोऱ्यांचा आवाज येऊ लागला. मला तो आवाज आवडतो.

पण मुलांनो, मोडका बाण मी चिकटवून देत नाही. त्यामुळे तुमच्यापैकी काहीजण माझ्यावर रुसले आहेत. पाट, पाळणा, बाकाचा पाय काहीही जोडून देणारा म्हातारा एवढीशी काडी का जोडत नाही, असे तुम्हांला वाटते. ते एकदा नीट सांगावे म्हणून हा लेख.

बाण दोरीतून सुटतो तेव्हा सरळ जातो असे आपल्याला वाटते. तसे नसते. एक बारीक लांब खिळा घ्या आणि कठीण लाकडात ठोकून पाहा. हातोडा वरून बसतो, खाली टोक अडते आणि खिळा मधोमध वाकतो. बाणाचेही तेच. मागून दोरी जोराने ढकलते, पुढचे जड टोक जागचे हलायला वेळ लावते, आणि मधली दांडी दोघांच्या कचाट्यात सापडून वाकते. मग ती उलट बाजूला वाकते. पाण्यातला मासा शेपटी हलवत जातो, तसा बाण वळवळत जातो आणि पुढे गेल्यावर सरळ होतो. डोळ्यांना हे दिसत नाही, कारण सगळे निमिषात होते.

चांगली दांडी हे वाकणे सोसते. पण तिला आधीच तडा असेल, तर वाकताना तो तडा उघडतो आणि दांडी मोडते. आता विचार करा, त्या क्षणी बाण कुठे असतो? धनुष्य धरलेल्या हाताच्या अंगठ्याजवळून तो जात असतो. पुढचा तुकडा कुठेतरी पडतो, पण मागच्या तुकड्याला दोरी अजून ढकलतच असते. तो अणकुचीदार तुकडा सरळ हातात घुसतो.

लाकडाचा किंवा बांबूचा बाण लाकडाच्या रेषांच्या बाजूने चिरतो. दांड्यासाठी लाकूड निवडताना मी आधी रेषा पाहतो. रेषा या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेली असली तर दांडा टिकतो. मध्येच बाहेर पडली असली तर तो तिथेच दगा देतो. बाणाचेही तसेच समजा. ॲल्युमिनियमचा बाण बहुधा वाकतो किंवा त्याला पोचा पडतो, आणि तो दिसतो तरी. कार्बनचा बाण मात्र फसवा. वरून काळाभोर, गुळगुळीत, आणि आत तडा. तो मोडला की त्याच्या सुया सुया होतात. लाकडाची कूस भरली तर आई सुईने काढते. कार्बनची कूस बारीक आणि ठिसूळ असते, ती आतच तुटते, आणि एक्स-रेच्या फोटोतही नीट दिसत नाही. म्हणून डॉक्टरांनाही त्रास पडतो.

दोन वर्षांपूर्वी माझा भाचा ज्या मैदानावर सरावाला जात होता, तिथे असे घडले. गाव कोणते ते सांगत नाही, सांगून उपयोगही नाही. नववीतला एक मुलगा होता. त्याच्या बाणावर आदल्या दिवशी दुसऱ्याचा बाण आपटला होता आणि दांडीला बारीक चीर गेली होती. त्याने चिरेवर काळी चिकटपट्टी गुंडाळली. काळ्यावर काळे, कुणाला दिसणार? दुसऱ्या दिवशी तोच बाण त्याने लावला. फट् असा आवाज झाला आणि बाणाचा तुकडा अंगठा आणि तर्जनीच्या मधल्या मांसात आरपार गेला. पुढे शस्त्रक्रिया झाली. राहिलेल्या कुसा काढायला पुन्हा एकदा टेबलावर जावे लागले. चार महिने धनुष्य सोडा, त्याला घागरसुद्धा उचलता येत नव्हती.

भाचा म्हणाला, "मामा, ते पोरगं रडत नव्हतं. हातातनं रगत गळतंय, आन् एवढंच म्हणतंय, बाण मोडला ते आमच्या बाबांना सांगू नका."

ते ऐकून मला रात्री झोप आली नाही. त्या मुलाला चीर दिसत होती. पण त्याला बाणापेक्षा घरची भीती जास्त वाटत होती. साध्यातल्या साध्या कार्बनच्या बाणाला बाईमाणसाची एक दिवसाची मजुरी जाते, आणि चांगल्याला त्याहून जास्त. हे तुम्हां मुलांना कळते. म्हणूनच तुम्ही तडा लपवता.

तर आता बाण कसा पाहायचा ते सांगतो. प्रत्येक फेरीनंतर, बाण लक्ष्यातून काढला की पाहायचा. दगडावर, लाकडी चौकटीवर किंवा दुसऱ्या बाणावर आपटलेला बाण तर वेगळाच ठेवायचा आणि तपासल्याशिवाय लावायचा नाही.

आधी उजेडात धरून सगळीकडून पाहा. मग दांडीवरून कापसाचा बोळा फिरवा. उघडे बोट फिरवू नका, कूस भरेल. कापसाचा धागा जिथे अडकेल तिथे काहीतरी आहे. त्यानंतर कार्बनच्या बाणाची दोन्ही टोके दोन हातांत धरा, तोंडापासून लांब न्या आणि हळूच थोडासा वाकवा. पुन्हा थोडा फिरवून वाकवा. असे चारी बाजूंनी करा आणि कान द्या. आत कट् असा बारीक जरी आवाज आला, तरी तो बाण बाद. लहान वर्गातल्यांनी हे काम गुरुजींच्या समोरच करावे. ॲल्युमिनियमचा बाण वाकवून पाहायचा नाही. तो सपाट फळीवर लोळवा, उड्या मारत गेला तर वाकलेला आहे असे समजा.

बाणाच्या मागची खाच, तिला तुम्ही नॉक म्हणता, तीही पाहा. खाच फुटलेली असली की ती दोरीवरून निसटते. मग दोरी सुटते पण बाण जात नाही. बाणाबरोबर जायचा तो सगळा जोर धनुष्यातच राहतो आणि धनुष्य मोडू शकते. म्हणून तर बाण न लावता दोरी ताणून सोडायची नाही, असे गुरुजी रोज ओरडून सांगतात.

आणखी एक गोष्ट, जी मोठ्यांच्याही लक्षात येत नाही. तुम्ही वाढता, बाण वाढत नाही. पाचवीत असताना पुरेसा असलेला बाण सातवीत आखूड पडतो, कारण तुमचे हात लांब झालेले असतात. पूर्ण ताणल्यावर आखूड बाणाचे टोक टेकणावरून मागे घसरते आणि सुटताना ते हातावरच येते. त्याला तडा नसला तरी तुमच्यासाठी तो धोक्याचाच. तेव्हा दर सहा महिन्यांनी गुरुजींकडून बाणाची लांबी मोजून घ्या. तुमचा आखूड झालेला बाण धाकट्याला उपयोगी पडेल.

मैदानावरची शिस्त तुम्हांला ठाऊक आहेच. दोन शिट्ट्या झाल्या की रेषेवर यायचे, एक झाली की बाण सोडायचे, तीन झाल्या की बाण आणायला जायचे. पाच किंवा जास्त शिट्ट्या लागोपाठ झाल्या, की ओढलेली दोरी सावकाश मागे आणून बाण उतरवायचा. बाण आणायला पळत जायचे नाही, कारण लक्ष्यातल्या बाणांची मागची टोके डोळ्यांच्या उंचीला असतात. बाण उपसताना बाजूला उभे राहायचे आणि मागे कोणी नाही ना, ते पाहायचे.

जानेवारी २०२० मध्ये आसामात सराव चालू असताना एका बारा वर्षांच्या मुलीला मानेजवळ बाण लागला. तिला विमानाने दिल्लीच्या एम्स रुग्णालयात नेले आणि डॉक्टरांनी शस्त्रक्रिया करून तो बाण काढला. यातून एक गोष्ट शिकायची. शरीरात बाण किंवा त्याचा तुकडा रुतला, तर आपण तो ओढून काढायचा नाही. काट्यासारखा तो उपटायला गेलो तर रक्त थांबत नाही आणि कुसा आत राहतात. तो हलू नये म्हणून भोवती स्वच्छ कापड लावून धरायचे, गुरुजींना हाक मारायची आणि १०८ नंबरची गाडी बोलवायची.

आता आपल्याच शाळेतली गोष्ट. गेल्या पावसाळ्याच्या शेवटी सातवीतली एक मुलगी माझ्याकडे आली. नाव लिहीत नाही. हातात कार्बनचा बाण होता. म्हणाली, "आजोबा, एवढं चिकटवून द्या की. कुणाला सांगू नका." मी बाण कानाशी धरून हळूच वाकवला. आतून आवाज आला. मी म्हणालो, "पोरी, हा गेला. कुऱ्हाडीचा तडकलेला दांडा मी कधी चिकटवून दिलाय का कुणाला? पातं निसटून कुणाच्या तरी डोक्यात बसंल. हे तसंच."

ती म्हणाली, "आई म्हणाली, आता नवा मागायचा न्हाई. खुरपायला गेल्याशिवाय पैसं येत न्हाईत." आणि ती रडू लागली. मी तरीही बाण दिला नाही. पुढे आठ दिवस ती माझ्या दारावरून मान फिरवून जात होती. खरे सांगतो, मला ते लागले. नातीच्या वयाची पोर.

मग मी गुरुजींकडे गेलो आणि म्हणालो, "गुरुजी, नुसतं तपासा तपासा म्हणून भागायचं नाही. तडा दाखवणाऱ्या पोराचं नुकसान होत असंल तर ते दाखवणारच नाही." गुरुजींना ते पटले. तरुण मंडळाने यंदाच्या गणपतीच्या वर्गणीतून थोडे पैसे बाजूला काढले, दोन-चार पालकांनी भर घातली आणि शाळेसाठी काही बाण जास्तीचे आले. मी एक फळ्यांची पेटी करून दिली. तीच तुमच्या व्हरांड्यात ठेवलेली पेटी. वरती भोक आहे, बाण आत जातो पण बाहेर येत नाही. ज्याने तडकलेला बाण त्यात टाकला, त्याला शाळेकडून दुसरा बाण वापरायला मिळतो. बाण कसा मोडला, कोणी मोडला, हे विचारायचे नाही, असा नियम गुरुजींनीच केला. शनिवारी मी पेटी उघडतो. चांगल्या खाचा आणि टोके गुरुजी काढून ठेवतात, आणि दांडीला मी करवत लावतो, म्हणजे ती पुन्हा कुणाच्या भात्यात जायला नको.

पहिल्या शनिवारी पेटीत तीन बाण निघाले. मला वाटले, त्या मुलीचा एक असेल. पण तिनेच दोन टाकले होते. एक मला दाखवलेला, आणि दुसरा कुणालाच न दाखवलेला. तो दुसरा बाण मी वाकवून पाहिला, तर माझ्या हातातच मोडला. तो बाण ती महिनाभर वापरत होती.

तेव्हापासून ती दारावरून जाताना हाक मारते. परवा म्हणाली, "आजोबा, पेटी भरली की सांगा, मी करवत धरू लागते." म्हटले, धर की.

मुलांनो, मोडलेला बाण हा काही तुमचा गुन्हा नव्हे. रोज वापरली जाणारी वस्तू कधीतरी मोडणारच, आमचे पोलादी पटाशीचे पातेसुद्धा मोडते. बाण पुन्हा आणता येतो. त्याला पैसे लागतील, ते गाव मिळून घालील. हाताचा अंगठा मात्र कोणत्याच पेटीत ठेवलेला नसतो. म्हणून बाणाला तडा दिसला की लपवू नका. आईला सांगायची भीती वाटली तर गुरुजींना सांगा, गुरुजींची वाटली तर माझ्याकडे या. मी चिकटवून देणार नाही, पण रागावणारही नाही.

तुमचा,
सुतार आजोबा